अडीच तासांत अमेरिका

वाचक विचारतात

मे महिना तोंडावर आला की या पानाच्या टपालात विमानं शिरतात. यंदा चार पत्रं आली, त्यातली तीन आकाशातली. चौथं काजूच्या झाडाला लागलेल्या किडीचं आहे. ते मी शेतीचं पान लिहिणाऱ्यांकडे धाडलंय, त्यांनाच शोभेल. विमानाचं मला विचारतात त्याला कारण आहे. म्हापशाच्या बाजारालगत एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर मी एकतीस वर्षं बसलो. तिकिटं लिहिली. लिहिली म्हणजे अक्षरशः हाताने, लाल कार्बनच्या पुस्तिकेत, शेवटच्या प्रतीवर उमटेपर्यंत बॉलपेन दाबून दाबून. २००८ च्या मध्यावर कागदी तिकीट जगातून उठलं आणि माझ्या मधल्या बोटावरचा घट्टा हळूहळू मऊ झाला. मी स्वतः विमानात किती वेळा बसलो? सहा. त्यातल्या चार खेपा मुंबईच्या.

पहिलं पत्र मोठं आहे, आणि खरं सांगायचं तर मला तेच सर्वांत आवडलं.

‘भाऊ, माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ असते. मे अखेरीस तिचं बाळंतपण आहे. मी बासष्ट वर्षांची. विमानात पहिल्यांदाच बसणार, तेही एकटी. शंका अशा. माझ्या भाच्याने मोबाइलवर गोवा ते सॅन फ्रान्सिस्को अंतर तीन ठिकाणी बघितलं, तीन आकडे आले: १३,८८०, ८,६२५ आणि ७,४९५. खरा कुठला? दुसरं, माझ्या तिकिटावर विमान दिल्लीहून १३ मे रोजी पहाटे ३ ला सुटतं आणि १३ मे रोजीच पहाटे साडेपाचला तिकडे पोचतं, असं छापलंय. अडीच तासांत अमेरिका? तिसरं, जावई म्हणतात की जाताना पंधरा तास आणि येताना साडेसोळा. रस्ता तोच ना? शिवाय १३ तारखेला एकादशी आहे, ती मी चुकवत नाही. — होऊ घातलेली आजी, सांखळी’

ताई म्हणतो, कारण मी अडुसष्टचा आहे.

तिन्ही आकडे खरे आहेत. भात खंडीने मोजा, कुडवाने मोजा नाहीतर किलोने, कोठारातलं भात तेवढंच राहतं. भाच्याला पहिल्या ठिकाणी किलोमीटर दिसले, दुसऱ्या ठिकाणी मैल, तिसऱ्या ठिकाणी सागरी मैल. साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर आणि सागरी मैल १.८५२. सागरी मैल हे खलाशांचं माप. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक. वैमानिकांनी ते खलाशांकडून उचललं ते आजतागायत सोडलेलं नाही. वेगसुद्धा ते ‘नॉट’मध्ये सांगतात, म्हणजे तासाला इतके सागरी मैल. बार्देशात ज्यांच्या घरी कुणी तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, होता त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गोव्यात विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा. भाच्याने दाबोळीपासूनचं अंतर काढलंय एवढंच. तुमचं विमान मोपाहून आहे, आणि मोपा दाबोळीच्या उत्तरेला, म्हणून चाळीसेक किलोमीटर वजा करा.

उत्तरेचा इथे काय संबंध, असं वाटलं असेल. पर्र्याचं एक कलिंगड आणा, सध्या बाजारात आहेच. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. पोटाच्या थोडं वर, एका बाजूला, पेनाने गोव्याचा ठिपका काढा. सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ पाठीमागे येतं, गोव्याहून अंमळ देठाकडे. आता दोन्ही ठिपक्यांवर बोटं ठेवून दोरा ताणा. तुम्ही तो पोटाभोवती गुंडाळायला जाल, पण ताण दिलात की तो सरकत सरकत देठापाशी जाईल. सर्वांत जवळची वाट ती. मोपाहून जवळजवळ सरळ उत्तरेला, तिबेट आणि सैबेरियावरून पंचाहत्तर अंश अक्षांशापर्यंत चढायचं, तिथून गोठलेला समुद्र ओलांडून अलास्का, आणि मग खाली उतरत कॅलिफोर्निया. भिंतीवरच्या सपाट नकाशात अमेरिका डाव्या टोकाला आणि आपण उजवीकडे असतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की युरोपवरूनच जायला हवं. कलिंगड मग कापून खा.

आता एक गंमत बघा. दिल्ली या दोऱ्यावरच पडते. गोवा ते दिल्ली साधारण १,५०० किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०. बेरीज १३,८८०, म्हणजे सरळ अंतर होतं तेवढंच. दिल्लीत विमान बदलण्यासाठी तुम्हाला वळसा पडत नाही. दुबईवरून गेलात तर आधी २,२१५ आणि पुढे १३,०२०, एकूण १५,२०० च्या वर.

असले हिशेब आमच्या वेळी पैशांचे असत. दोन शहरांमध्ये जास्तीत जास्त किती मैल फिरून जाता येईल ते एका जाड पुस्तकात छापलेलं असे. सरळ अंतरापेक्षा साधारण वीस टक्के जास्त. लंडनला निघालेल्या गिऱ्हाइकाला वाटेत नैरोबीच्या मावशीकडे उतरायचं असलं की टप्प्याटप्प्याचे मैल एकाखाली एक मांडायचे. मर्यादा ओलांडली की भाडं पाच टक्क्यांनी चढायचं, मग दहा, पंधरा, असं पंचवीसपर्यंत. मावशीच्या भेटीची किंमत मी गिऱ्हाइकाला रुपयांत सांगायचो. पुष्कळ जण म्हणायचे, मावशीला पत्रच लिहितो.

तर दोरा असा आहे. पण विमान दोऱ्यावरून जात नाही, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आणि त्यामागे तिबेटचं पठार, सरासरी साडेचार हजार मीटर उंच. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला ताबडतोब तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं. तिथे तर जमीनच त्याहून वर आहे. म्हणून ते पठार टाळतात. दुसरं कारण माणसांचं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडू लागला. वर आकाशाला कुंपण दिसत नाही, पण आहे.

तिसरं कारण वारा, आणि त्याच्यापुढे बाकीची दोन किरकोळ. तुम्ही सांखळीच्या, तुम्ही मांडवीतून खाली जाणारे खनिजाचे बार्ज बघितले असणार. ओहोटी धरून निघालेला बार्ज आणि भरतीशी झुंजणारा बार्ज, इंजिन तेच, पाणीही तेच, पण मुरगावला पोचण्याच्या वेळा वेगळ्या. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अशीच एक नदी वाहते, वाऱ्याची. जेट प्रवाह म्हणतात तिला. हिवाळ्यात तिचा जोर कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. ही नदी नेमकी विमानं उडतात त्याच उंचीवर आहे.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हीच वाट घ्या. एअर इंडियाचं विमान पूर्वी पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं: १३,९०० किलोमीटरची उड्डाणवाट. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट्या दिशेने, पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटरची झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि पोचायला लागले साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. भागाकार केलात तर ताशी हजार किलोमीटरच्या वर सरासरी येते. विमानाने काही जास्त जोर लावला नव्हता, नदीने वाहून नेलं. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. ती बातमी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली होती, कारण ‘लांबचा रस्ता लवकर पोचवतो’ हे गिऱ्हाइकांना पटवताना माझा घसा सुकायचा.

याहून टोकाची गोष्ट फेब्रुवारी २०२० ची. अटलांटिकवर वादळ होतं, त्याचा वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. एरवी त्या प्रवासाला सहा-सात तास लागतात.

येताना ही नदी उरावर घेऊन यायचं. ती चुकवायला विमान कधी पार उत्तरेला सरकतं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी, वैमानिक सगळ्या बायकाच, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवाच्या बाजूने विमान घेऊन आल्या. सतरा तासांच्या आसपास लागले. वाट रोज नव्याने ठरते, त्या दिवसाचा वारा बघून. तेव्हा जावयांचे पंधरा आणि साडेसोळा बरोबर आहेत, पण ते अंदाज म्हणून घ्या. अर्धा तास इकडेतिकडे झाला तर मुलीने विमानतळावर घाबरून जाऊ नये.

आता ते अडीच तास. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. तिकिटं लिहायला बसलो त्या पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं गेलं आणि एकतीस वर्षं मी रोज दुसऱ्यांना शिकवलं. मे महिन्यात कॅलिफोर्नियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. अडीच अधिक साडेबारा, पंधरा. झाला हिशेब.

परतीचं तिकीट १० नोव्हेंबर, रात्री साडेआठ, असं तुम्ही खाली लिहिलंय, आणि दिल्लीला पोचणं १२ नोव्हेंबर, पहाटे अडीच. इथे साडेबारा धरून गणित घातलंत तर चुकेल. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. तुम्ही निघाल तेव्हा ते मागे आलेलं असेल, म्हणजे फरक साडेतेरा तास. तिकडे १० तारखेची रात्र साडेआठ, तेव्हा सांखळीत ११ तारखेचे सकाळचे दहा. त्यात साडेसोळा मिळवा. १२ तारखेचे पहाटेचे अडीच.

एक गोष्ट मात्र लाल शाईने लिहून ठेवा. ‘१३ मे, पहाटे ३’ याचा अर्थ तुम्ही १२ तारखेला संध्याकाळी गोवा सोडायचं आहे. हसू नका. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका तारवट्याला रॉटरडॅमचं तिकीट लिहून दिलं. बोट तिथे लागणार होती. विमान मुंबईहून, रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी. तारीख मी बरोबर घातली होती. तो बिचारा त्या तारखेला दिवसभर दादरला मेव्हण्याकडे जेवून, झोपून, रात्री दहाला सहार विमानतळावर गेला. विमान आदल्या रात्रीच गेलेलं होतं, बावीस तास होऊन गेले होते. बोट त्याला सोडून पुढे गेली. दुसऱ्या तिकिटाचे निम्मे पैसे मालकाने माझ्या पगारातून हप्त्याने कापले, आणि त्या तारवट्याची आई शुक्रवारच्या बाजाराला आली की काउंटरसमोर उभी राहून माझ्याकडे नुसती बघायची. बोलायची काही नाही. पैशांपेक्षा ते जास्त लागलं. तेव्हापासून मध्यरात्र ते पहाट या वेळेतल्या प्रत्येक तिकिटाच्या पाकिटावर मी मराठीत लिहायचो: अमुक वारी जेवून निघणे.

आणि किलोमीटर सोडा, तास बघा. तेही दारापासून दारापर्यंतचे. तुमचं मोपाचं विमान १२ तारखेला संध्याकाळी साडेसहाला आहे. सांखळी ते मोपा सव्वा तास, तिथे दोन तास आधी, म्हणजे घरातून सव्वातीनला निघायचं. नऊला दिल्ली. मग सहा तास बसून राहणं. पासपोर्टवर शिक्का दिल्लीतच बसेल. तीनला उड्डाण, पंधरा तास. तिकडे पासपोर्ट आणि सामानाला दीड तास धरा, मुलीच्या घरापर्यंत पाऊण तास. एकोणतीस तास झाले. त्यातले आकाशातले साडेसतरा. उरलेले साडेअकरा तास जमिनीवरचे, आणि माणूस दमतो तो त्यातच.

म्हणून दोन कामं जावयांकडून आधी करून घ्या. गोवा–दिल्ली आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर आहेत ना, हे बघायला सांगा; असतील तर बॅग मोपाला दिली की पुढची जबाबदारी तुमची नाही, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. आणि व्हीलचेअर मागवून ठेवा, निदान दोन दिवस आधी. तुम्ही धडधाकट आहात हे पत्राच्या अक्षरावरून कळतं, पण ती खुर्ची पायांसाठी नाही. ढकलणारा माणूस रस्ता चुकत नाही, यासाठी. डिंकाचे लाडू न्या, अळीव न्या, फक्त तिकडे उतरताना कागदावर खाद्यपदार्थ आहेत असं खरं सांगा. ताजी फळं आणि भाजी नेऊ नका; मानकुराद आंबा कितीही आठवला तरी.

राहिली एकादशी. हा प्रश्न मी आमच्या भटजींनाही विचारून आलो, पण आधी गणित. तुम्ही १३ तारखेला पहाटे निघून १३ तारखेलाच पहाटे उतरता, म्हणजे तुमची १३ तारीख साडेछत्तीस तासांची होणार. दुसरी गोष्ट अशी की तिथी चंद्र-सूर्यामधल्या कोनावर ठरते. ती साऱ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. सूर्योदय मात्र जागोजागी वेगळा. त्यामुळे आपल्या पंचांगातली एकादशी तिकडच्या पंचांगात एक तारीख आधीही पडू शकते, आणि तुम्ही उतराल तेव्हा मुलीच्या घरी द्वादशी चालू असेल, हेही शक्य आहे. भटजी म्हणाले, जिथे सूर्योदय बघाल तिथलं पंचांग. मी म्हणतो, विमानात निर्जळी तर अजिबात करू नका. वरची हवा वैशाखातल्या पठारापेक्षा कोरडी असते. दर तासाला पाणी मागा, ते फुकट असतं.

‘आमचं घर काणकोणला. मुंबईला महिन्यातून एकदा जावं लागतं. मोपाहून तिकीट दाबोळीपेक्षा सात-आठशे रुपयांनी स्वस्त मिळतं. अंतर तेवढंच, मग मोपाच बरं ना? — एक व्यापारी, काणकोण’

अंतर तेवढंच हे मुंबईच्या बाजूने. गोवा ते मुंबई आकाशातून सव्वाचारशे किलोमीटर. तिकिटावर सव्वा तास लिहितात, पण त्यात दारं बंद होऊन विमान हलल्यापासून तिकडे थांबेपर्यंतचा सगळा वेळ आला. चाकं हवेत असतात पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. बाकी धावपट्टीकडे रांगणं आणि मुंबईवर घिरट्या.

तुमच्या बाजूने बघा. काणकोण ते मोपा शंभर किलोमीटरच्या वर, पणजीची गर्दी धरून अडीच-तीन तास. अख्खा गोवा दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायचा, तो पन्नास मिनिटांच्या उड्डाणासाठी. टॅक्सीत ते सात-आठशे कुठल्या कुठे जातील. दाबोळी परवडलं. आणि स्पष्ट विचाराल तर, मडगावहून वंदे भारत पावणेआठ तासांत मुंबईत सोडते, थेट बोरीबंदरला. मोपाचे तुमचे दारापासूनचे सात तास होतातच. पावसाळ्यात कोकण रेल्वे संथ चालते, तेव्हा दाबोळी. एरवी मी गाडीत बसून जेवलो असतो.

‘सर, मी नववीत आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी दोन विमानतळांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ असा तक्ता करायचा आहे. वेळ काढायचं काही सूत्र आहे का? आणि गोव्यापासून सर्वांत लांबचं विमानतळ कुठलं? आजोबा म्हणतात की पूर्वी दाबोळीहून लिस्बनला विमान जायचं, ते खरं का? — एक विद्यार्थिनी, फोंडा’

बाय, सूत्र आहे, पण ते कुठल्या पुस्तकातलं नाही, काउंटरवरचं आहे. किलोमीटरला ८५० ने भाग आणि पाऊण तास मिळव. पाऊण तास कशाला? धावपट्टी, चढणं, उतरणं यांचा. तो वेळ अंतर कितीही असो, साधारण तेवढाच लागतो. मुंबई ४२५: अर्धा तास अधिक पाऊण, सव्वा तास. दिल्ली १,५००: अडीच तास. दुबई २,२१५: तीन तास वीस मिनिटं. तिकिटांशी ताडून बघ, दहा-पंधरा मिनिटांच्या आत येतं. लांबच्या प्रवासात मात्र सूत्र डगमगतं. लंडन गोव्याहून साधारण ७,५७० किलोमीटर, सूत्राने साडेनऊ तासांच्या जरा वर. पण पश्चिमेला जाताना वारा समोरून, तेव्हा दहा धर. तक्त्यात ‘जाताना’ आणि ‘येताना’ असे दोन रकाने कर, तुझ्या बाईंना ते आवडेल.

आजोबांचं खरं आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये सुरू केला, भारताने नाकेबंदी केली होती तेव्हा. त्यांची स्वतःची एक छोटी विमान कंपनी होती. विमानं भारतावरून जाऊ शकत नव्हती. म्हणून समुद्रावरून दमण-दीव आणि कराची, साधारण १,२७० किलोमीटर, आणि तिथून पुढे टप्प्याटप्प्याने लिस्बन. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तरी त्या रात्री तिथे उभी असलेली दोन विमानं उरलेल्या पट्टीवरून उडून कराचीला निसटली. गोवा–लिस्बन सरळ अंतर काढलंस तर ८,३४० किलोमीटर येईल; सूत्राने वेळ काढून आजोबांना दाखव, आणि त्या काळी किती लागायचा असं विचार. ते जे सांगतील ते वेगळ्या रंगाने लिही.

सर्वांत लांबच्या विमानतळाचं उत्तर मला शोधावं लागलं, आणि शोधताना मजा आली. पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किलोमीटरपेक्षा फारशी लांब असूच शकत नाहीत, कारण तेवढा पृथ्वीचा अर्धा घेर. गोव्याच्या बरोबर पायाखाली, दुसऱ्या बाजूला, पॅसिफिक महासागर आहे. अक्षांश तोच, फक्त दक्षिण. रेखांश १०६ पश्चिम. तिथे पाण्याशिवाय काही नाही. त्या जागेपासून साधारण १,३५० किलोमीटरवर ईस्टर बेट आहे, दगडी तोंडांच्या प्रचंड पुतळ्यांचं, आणि तिथे प्रवासी विमानं उतरतात. गोव्यापासून सुमारे १८,६५० किलोमीटर. इतक्या लांब एका दमात जाणारी विमानसेवा आज नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क ही सर्वांत लांबची, १५,३०० हून थोडी जास्त, साडेअठरा-एकोणीस तासांची.

ईस्टर बेटाला जायचं तर आधी दोन-तीन विमानं बदलून चिलीची राजधानी सांतियागो गाठायची, आणि तिथून समुद्रावरून पुन्हा पश्चिमेला पाच तास. एकतीस वर्षांत त्या बेटाचं तिकीट मागायला माझ्याकडे कुणी आलं नाही. आलं असतं तर टप्प्यांचे मैल मांडायला अख्खी दुपार लागली असती, आणि मी ती आनंदाने दिली असती.